कॅनबेरातल्या ताईंना, त्या अंगठ्यासकट

ताई,

तुमचे फोटो आले तेव्हा मी पोरीचा डबा भरत होतो. डबा उघडाच टाकून फोन घेऊन बसलो. बायकोने दोन शब्द सुनावले, ते तुमच्या खात्यावर मांडतो.

नौरू हा प्रशांत महासागरातला जेमतेम २१ चौरस किलोमीटरचा देश. तिथे रोजचं वर्तमानपत्र नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, जपान्यांनी तिथल्या सुमारे बाराशे माणसांना त्याच महासागरातल्या दूरच्या ट्रुक बेटांवर नेलं. ३१ जानेवारी १९४६ ला परतले ७३७. (१९६८ मध्ये स्वातंत्र्यही त्यांनी ३१ जानेवारीलाच घेतलं.) त्या नेलेल्यांतल्या एका शाळामास्तरांवर मी मराठीत लिहीत होतो. जिथे बघावं तिथे एकच ओळ : ‘ट्रुकला वारले.’ पाच ठिकाणी सापडली, पाचही जणांनी एकमेकांची उतरवलेली.

मदत मागितली. एका अभ्यासकांनी ‘नेटवर आहे की सगळं’ म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांनी कात्रण पाठवलं. त्यावर ना अंकाचं नाव, ना तारीख. वडापाव बांधून आणलेला कागद जणू. तिसरे सहा महिने ‘बघतो’ म्हणतायत. बघू देत बापडे.

तुम्ही तर मला ओळखतही नव्हता. तुमच्या भाचीमार्फत गळ घातली आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही बस पकडून ग्रंथालयात गेलात. युद्धानंतरच्या एका छापील सरकारी अहवालात, शिक्षकांच्या यादीत, मास्तरांचं नाव!

मी मागितलं होतं एकच पान. तुम्ही मुखपृष्ठ पाठवलंत, साल छापलेलं पान पाठवलंत, यादीचा पानक्रमांक दिसेल असा वेगळा फोटो काढलात. पान मिटू नये म्हणून धरलेला तुमचा अंगठाही त्यात आलाय, नखाला हळद. आणि खाली लिहिलंत, ‘नाव तेच आहे. माणूस तोच का, ते तुम्ही ताडून बघा. मी शपथ घेणार नाही.’

ताई, हे वाक्य मी दहादा वाचलं. आपणच शोधून आणलेली गोष्ट समोरच्याच्या हातात ठेवायची आणि वर ‘तपासून घे’ म्हणायचं! अशी माणसं भेटली की मागचे ‘बघतो’वाले माफ करावेसे वाटतात. जवळजवळ.

ताडून पाहिलं. जिल्हा जुळला, वडिलांचं नाव जुळलं. मास्तर परत आले होते, पुन्हा शिकवत होते.

अंगठा मी फोटोतून कापलेला नाही. भाची दिवाळीनंतर निघतेय, तिच्याबरोबर चकल्या पाठवतोय.

तुमचा,
पुण्याचा कटकट्या