रेमंड ॲकरमन साहेबांना, साताऱ्याच्या एका किराणा दुकानातून

आदरणीय ॲकरमन साहेब,

६ सप्टेंबर २०२३ रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी तुम्ही गेलात. बातमी वाचली तेव्हा मी साताऱ्यात अण्णांच्या दुकानात गल्ल्यावर बसले होते. समोर गिऱ्हाईक होतं. अर्धा किलो तूरडाळ मोजून दिली आणि मग आत जाऊन रडले. हे पत्र त्याच दिवशी लिहायला हवं होतं.

आपली भेट कधी झाली नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला शिकत होते तेव्हा शनिवार-रविवारी, तुम्ही उभ्या केलेल्या ‘पिक एन पे’ या सुपरमार्केट साखळीच्या एका शाखेत बिलं करायचे. त्या पैशांतून खोलीचं भाडं सुटायचं, अण्णांपुढे हात पसरावा लागला नाही. पहिले आभार त्याचे.

तुमची गोष्ट मला सांगितली शेजारच्या काउंटरवरच्या वयस्कर बाईंनी. सगळ्याजणी त्यांना आंटी म्हणायच्या. तुमचे वडील गस यांनी १९१६मध्ये केपटाऊनजवळच्या विनबर्गला कापडाचं दुकान काढलं, पुढे तो धंदा ग्रेटरमन्स या मोठ्या कंपनीकडे गेला, आणि तुम्ही त्याच कंपनीत उमेदवारी करायला लागलात, हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचंच दुकान होतं. तिच्या ‘चेकर्स’ या किराणा साखळीची ८५ दुकानं उभी केलीत आणि १९६६मध्ये तुम्हालाच काढून टाकलं. वय ३५, तुमच्या पत्नी वेंडीबाईंना चौथ्या खेपेचे दिवस. पुढच्याच वर्षी तुम्ही केपटाऊनमधली चार छोटी दुकानं विकत घेतलीत. तेच हे ‘पिक एन पे’.

आंटीनं एका बिलाच्या पाठीवर मला तुमच्या धंद्याचं चार पायांचं टेबल काढून दाखवलं होतं. अमेरिकेत डेटनला बर्नार्डो त्रुहियो यांच्या वर्गात तुम्ही शिकलात ते. एक पाय कारभाराचा, एक मालाचा, एक जाहिरात आणि समाजकार्याचा, एक माणसांचा. वर गिऱ्हाईक, म्हणजे राणी. एक पाय आखूड झाला की राणी पडते, असं म्हणून आंटी हसायची. ते बिल अजून माझ्याकडे आहे.

पण तुमचे खरे आभार मानायचे आहेत ते वस्तूंच्या कमी किमतीसाठी. सरकारनं बांधून दिलेल्या दरापेक्षा पाव आणि पेट्रोल स्वस्त द्यायचा हट्ट तुम्ही वर्षानुवर्षं धरलात, त्यासाठी सरकारशी भांडलात. महिनाअखेरीला काउंटरवर येणाऱ्या बायका आधी ब्राऊन ब्रेडची लादी पुढे करायच्या, मग हातातल्या नाण्यांकडे बघत बाकीच्या वस्तू एकेक. कधी साबण मागे जायचा, कधी दूध. लादी कधीच नाही. पावाच्या किमतीतले चार पैसे म्हणजे काय, हे मला अर्थशास्त्राच्या वर्गात नाही, त्या पट्ट्यावर कळलं.

वर्णद्वेषी कायदे जोरात असताना काळ्या माणसांना तुम्ही वरच्या जागा दिल्यात. ज्यांना शिक्षण परवडलं नाही अशा तरुणांना धंदा शिकवायला केपटाऊन विद्यापीठाबरोबर अकादमी काढलीत. हे सगळं लिहिलं जाईलच, इतर लोक लिहितील. मी गल्ल्यावरची बाई, मला पावाचंच लिहावंसं वाटतं.

एक गोष्ट मनात अडकते, ती लपवत नाही. जोहान्सबर्गजवळ बोक्सबर्गला १९७५मध्ये तुम्ही काढलंत तसं अजस्र दुकान उद्या आमच्या नाक्यावर आलं, तर अण्णांच्या दुकानाचं काय होईल? याचं उत्तर मला सापडलेलं नाही. तरीही तुमच्याबद्दलची माया कमी होत नाही.

परत आल्यावर अण्णांना ते टेबल दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बिल न्याहाळलं आणि विचारलं, “यात उधारीची वही कुठल्या पायाखाली येते?” मी म्हटलं, माणसांच्या. तेव्हापासून ती वही मी सांभाळते. तुमचं बिल तिच्यातच ठेवलंय, पहिल्या पानावर.

तुमची ऋणी,
साताऱ्याची एक दुकानदारीण