काचबिंदूनंतर ‘ई’ची कॅप्सूल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आईच्या उजव्या डोळ्याची काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली. घरी आलो त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू व्हिटॅमिन ‘ई’च्या कॅप्सूलची पट्टी घेऊन आल्या. त्यांच्या सुनेचा सिझेरियनचा व्रण म्हणे त्यानेच पुसट झाला. चौथ्या दिवशी आईच्या उशाशी टाचणीने टोचलेली कॅप्सूल दिसली. आतलं तेल ती पापणीवर चोळत होती! माझ्या पोटात गोळाच आला.

या शस्त्रक्रियेत जखम भरून येणं हेच संकट असतं. डोळ्यातला द्रव झिरपून दाब उतरावा म्हणून वरच्या पापणीआड एक नवी वाट काढतात. शरीर ती जखम समजून बुजवायला धावतं. वाट बुजली की दाब पुन्हा चढतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. म्हणून सर्जन शस्त्रक्रियेतच मायटोमायसिन-सी या औषधात भिजवलेला बोळा काही मिनिटं तिथे ठेवतात. पुढे कित्येक आठवडे स्टिरॉइडचे थेंब चालतात.

काकूंचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. व्रण धरणाऱ्या पेशींची वाढ व्हिटॅमिन ‘ई’ रोखतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण बशीतल्या पेशी वेगळ्या आणि माणसाचा डोळा वेगळा. मायटोमायसिनची जागा त्याला मिळालेली नाही. शिवाय मोठ्या मात्रेत ते रक्त गोठण्यात अडथळा आणतं, आणि आईला हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे. ४०० युनिटची ती कॅप्सूल कुठल्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. आणि तिचं तेल ताज्या शस्त्रक्रियेच्या डोळ्यात जाणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रणच.

दोष आईचा नाही. तिच्या डिस्चार्ज कार्डावर सगळं इंग्रजीत होतं. ‘क्यू टू एच’ म्हणजे दर दोन तासांनी, हे मलाही औषधवाल्याने सांगितलं. ठाण्यातल्या सर्व नेत्ररुग्णालयांना कळकळीची विनंती आहे: घरी सोडताना मोठ्या अक्षरांतला मराठी कागद द्या. थेंब कधी, दाब तपासायला कधी यायचं, आणि विचारल्याशिवाय कुठली गोळी घ्यायची नाही, एवढं त्यावर असू द्या.

आमच्या घरचा कागद शेवटी काकूंनीच त्यांच्या वळणदार अक्षरात लिहून दिला. तो आईच्या पलंगाशी चिकटवला आहे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे