तो ढग तसाही पडणारच नव्हता कशावरून?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुमच्याकडं एक लेख आला होता, खेड्यापाड्यातले लोक मोबाईलवर विज्ञानाच्या बातम्यांबद्दल कसं काहीही बरळतात, व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठाचे कुलगुरू वगैरे, बरीच टिंगल केली होती. वाचून मला हसू पण आलं कारण असले दोनचार कुलगुरू आमच्याच गल्लीत आहेत. पण लेख काही पटला नाही, म्हणून लिहायला बसले. माझं औसा तालुक्यात झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, पीक विम्याच्या दिवसात पाय ठेवायला जागा नसते, अन् नंबर येईपर्यंत लोक काय करतात तर मोबाईल काढून एकमेकाला बातम्या वाचून दाखवतात. त्यामुळं कोण काय बोलतं ते मला फुकटात ऐकायला मिळतं.

तर झालं असं की कृत्रिम पावसाची बातमी परत फिरायली होती, "कृत्रिम पावसामुळे १८ टक्के वाढ, दुष्काळावर उपाय सापडला" असा तुमच्याच पेपरातल्या मथळ्याचा फोटो. गावाच्या ग्रुपवर पडला अन् सुरू झालं. पहिले आले ते नेहमीचे, विमानं येतात अन् आपले ढग पळवून नेतात म्हणणारे, ते दरवर्षी पावसानं ओढ दिली की येतात. मग एकानं हिशोबच मांडला, लातूरचा पाऊस वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर धरा, त्याच्या १८ टक्के म्हणजे १४४, मग काय टँकर बंदच करा की राव. अन् या सगळ्यात आमचे चुलत सासरे, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, शाळा चौथीपर्यंत, त्यांनी टाईप करता येत नाही म्हणून आवाज रेकॉर्ड करून टाकला: "ते समदं ठीक हाय, पण ज्या ढगात औषध सोडलं तो ढग तसाबी पडणारच नव्हता कशावरून?"

साहेब, या एका प्रश्नापायी शास्त्रज्ञ लोकांची कितीतरी वर्षं गेलीत. माझी पुतणी बारावी सायन्सला आहे, तिनं शोधून काढलं की ती १८ टक्क्याची गोष्ट पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या सोलापूरच्या प्रयोगातली आहे, २०१८ अन् २०१९ च्या पावसाळ्यातली, निकाल २०२३ ला छापून आला. त्यात त्यांनी २७६ ढग घेतले अन् कोणत्या ढगात बीज (म्हणजे अण्णा म्हणतात ते औषध, मिठासारखं रसायन) सोडायचं अन् कोणता तसाच ठेवायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे विमानवाल्याला दांडगा ढग दिसला की घाल त्याच्यात, असं करता येऊ नये. मग दोन्हीकडच्या पावसाची तुलना. म्हणजे अण्णांचा जो प्रश्न, बरोब्बर त्याच्यासाठीच सगळा खटाटोप होता. अन् ते १८ टक्के वर्षभराच्या पावसाचे नव्हतेच, बीज सोडलेल्या ठिकाणाहून वारा वाहतो त्या अंगाला साधारण १०० चौरस किलोमीटर भागात तेवढी वाढ दिसली. म्हणजे समजा १० मिलिमीटर पडणार असेल तर तिथं पावणेबारापर्यंत पडेल. अन् मुळात ढगच नसेल तर काय, ते मिठासारखं रसायन हवेतलं बाष्प ओढून थेंब मोठे करतं, ते थेंब एकमेकाला धडकून जड होतात अन् खाली येतात, कोऱ्या आभाळात ते कुणाला ओढणार. एकट्यानं दुष्काळ हटेल असं त्या शास्त्रज्ञांनी पण म्हटलेलं नाही. ते म्हटलं तुमच्या मथळ्यानं.

पुतणीनं हे सगळं साध्या भाषेत टाकलं तर पुढचा प्रश्न आला, पाऊस मोजला कशानं अन् किती ठिकाणी. हा प्रश्न शहरातला माणूस विचारणार नाही. आमच्याकडं विचारतात कारण अख्ख्या महसूल मंडळाला एक पर्जन्यमापक, २४ तासात ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी, अन् गेल्या खेपेला आमच्या शिवारात सोयाबीन पाण्याखाली अन् मंडळाच्या मापकात आकडा कमी, कारण तो मापक चार कोस लांब अन् तिकडं नुसती भुरभुर. बांधाच्या अलीकडं पाऊस अन् पलीकडं धूळ, हे ज्यानं विम्याच्या पैशात भोगलंय त्याला सॅम्पल म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही बघा. सोलापूरला रडार होतं अन् पर्जन्यमापकांचं जाळं पण होतं, हे कळल्यावर प्रश्न विचारणारा गडी म्हणाला, मंग आमच्या मंडळात का नाही लावत तसं जाळं. याचं उत्तर पुतणीकडं नव्हतं.

अन् २०१५ ला अन् २०१९ ला औरंगाबादहून विमानं उडाली होती ते आठवत असेल तुम्हाला. तेव्हा पाऊस पडला की प्रयोग यशस्वी, नाही पडला की योग्य ढग नव्हते. तुलना कशाशी, हे तेव्हा ना सरकारनं धड सांगितलं ना पेपरवाल्यांनी विचारलं. चौथी शिकलेला म्हातारा विचारतोय.

आता ग्रुपवर सगळं शहाणपणच चालतं असं मी म्हणत नाही. मार्च २०२४ ला हिंगोलीकडं भूकंपाचे धक्के बसले, ४.५ चा होता मोठा, त्या रात्री आमच्या ग्रुपवर मेसेज की नासानं सांगितलंय आज मध्यरात्री मोठा येणार. लोक पोराबाळांना घेऊन अंगणात. जगात कुणालाही भूकंपाचा दिवस अन् वेळ आधी सांगता येत नाही हे माहीत असूनसुद्धा मी पण बाहेर झोपले, खोटं कशाला बोलू. किल्लारी आमच्यापासून किती लांब आहे? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती बुडवून लोक झोपलेले, हजारो माणसं गेली. अन् त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ ला, किल्लारीला हादरे बसतच होते, लोक घाबरून विचारत पण होते. पण देशाच्या नकाशावर आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. तो नकाशा पुढं २००२ ला बदलला अन् आम्ही तिसऱ्या पट्ट्यात गेलो. नकाशा काढणाऱ्यांनी मुद्दाम केलं असं नाही, त्यांच्याकडं तेव्हा जेवढी माहिती होती तेवढ्यावर काढला, विज्ञान असंच चालतं असं पुतणी म्हणते अन् ते खरंच आहे. पण मग तज्ज्ञांनी सांगितलं की गप बसायचं, हे तरी आम्हाला नका सांगू. नासावाला मेसेज पण शेवटी थांबला तो एका पोरानं "नासानं कुठं लिवलंय, लिंक टाक" म्हणून दहा वेळा विचारलं म्हणून. टाकणारा ग्रुप सोडूनच गेला, अजून आला नाही.

तुमच्यावर एक तक्रार राहतेच. जुलै २०२३ ला कोरियाच्या शास्त्रज्ञांनी एलके-९९ नावाचा पदार्थ काढला, साध्या तापमानाला त्यातून वीज काहीच अडथळा न होता वाहते असा दावा, तुम्ही पहिल्या पानावर घेतलं होतं. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी तो करून बघितला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले डॉ. अवाना तर आपले निकाल सरळ फेसबुकवर टाकत होते, कुणीही वाचावं. महिन्याभरात कळलं की तसं काही नाही, त्यात तांब्याच्या सल्फाईडची भेसळ होती अन् त्याच्यामुळं आकडे तसे दिसायलेत. हे मला फेसबुकवरच कळलं. तुमच्या पेपरात मी रोज शोधलं, झेरॉक्सच्या दुकानात पेपर येतो तो पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते मी, नाही सापडलं.

म्हणून मागणं एवढंच आहे, टक्केवारी छापली की कशाच्या टक्के अन् कशाशी तुलना करून, हे दोन ओळीत छापा. किती माणसांवर किंवा किती ढगांवर केलं ते छापा. अन् दावा खोटा निघाला तर ते पण त्याच पानावर, आतल्या पानात शोकसंदेशाच्या खाली नको.

अन् मंडळाला एकच पर्जन्यमापक का, हे कुणा अधिकाऱ्याला विचारून तेवढं छापता आलं तर बघा. अण्णा रोज दुकानात येऊन विचारायलेत, आलं का पेपरात. छापून आलं की त्याची मोठी झेरॉक्स काढून दारावर लावते.

आपली,
एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर