नवजात कक्षात बापाला आत येऊ द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

कमी वजनाचं बाळ जन्मलं की आपल्याकडे म्हणतात, ‘बाळ काचेत ठेवलंय.’ बाळ काचेत, बाळंतीण वॉर्डात आणि बाप जिन्यात. औषधं आणायची, झेरॉक्स काढायच्या, डबा पोचवायचा, एवढंच त्याचं काम. दारावर पाटी असते: पुरुषांना प्रवेश नाही. ती पाटी काढावी म्हणून हे पत्र.

अडीच किलोच्या आतल्या बाळाला कांगारू पद्धतीनं दिवसातून किमान ८ तास उघड्या छातीशी धरावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझेरियनचे टाके ओले असलेल्या बाईनं एकटीनं आठ तास बसायचं कसं? दूध तिलाच पाजावं लागतं, पण ऊब बापालाही देता येते.

शिकवायचं ते हातात बाळ देऊनच. भिंतीवरच्या पोस्टरनं हे येत नाही. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून सुटलेला बाप आधी आंघोळ करून, पुढून उघडणारा धुतलेला शर्ट घालून यावा. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ काढलेलं, हात कोपरापर्यंत साबणानं धुतलेले. विडी-सिगारेट ओढून आलेल्याला त्या वेळी बाळ देऊ नये. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. बाळ छातीच्या मध्यावर उभं, मान एका बाजूला वळवून किंचित वर, पाय बेडकासारखे. बापानं जरा मागं रेलायचं आणि एका बैठकीला निदान तासभर हलायचं नाही.

चुकतं ते मानेशी. बाळ निसटेल या भीतीनं बाप घट्ट आवळतो, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. कापड सैल बांधलं तर बाळ खाली सरकतं आणि पुन्हा तेच होतं. म्हणून कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या जरा खाली यावी, आणि सुरुवातीचे दोन-तीन दिवस परिचारिकेनं शेजारी उभं राहून बघावं.

घरी गेल्यावर आणखी एक अडचण. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बाळ आजऱ्याला आणि बाप इचलकरंजीत मागावर. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंच्या ४२ दिवसांत सहा भेटी होतात. त्यातली एक तरी बापाच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा. शांत झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला त्याला शिकवा. ६० किंवा त्याहून जास्त भरले, छाती आत ओढली जात असली, बाळ दूध ओढेना किंवा तळपाय गार लागले, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा, हे त्याला पाठ हवं.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं आईची रजा २६ आठवड्यांची झाली, पण कारखान्यातल्या बापाला कायद्यानं एकही दिवस मिळत नाही. रजा आपल्या खात्याचा विषय नाही, हे आम्ही जाणतो. तरी ‘बाळाच्या उपचारासाठी वडिलांची गरज आहे’ अशी शिक्क्याची चिठ्ठी दवाखान्यानं दिली, तर शिफ्ट बदलून मागायला त्याच्या हातात कागद येईल.

पाटीमागचं कारण खरं आहे: बायका दूध पाजत असतात, त्यांना आडोसा लागतो. तो पडद्यानं मिळतो. पडद्याआड दोन आरामखुर्च्या, शर्ट अडकवायला खुंट्या आणि संध्याकाळची ठरलेली वेळ, एवढ्यावर हे सुरू करता येईल.

आपले,
नवजात कक्षांतल्या परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या, कोल्हापूर