काड्यांनी पोट भरतं, आई

ओसाका, जपान

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा ‘बरं, ठेवतो’ म्हणतात, म्हणून लिहूनच कळवते. करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवलाय. सही झाली. या गड्ड्याला, सिद्धेश्वरांच्या जत्रेला, मी नसेन. अक्षता सोहळ्याला दादा नेईल तुम्हाला, मी त्याच्याशी बोललेय. घराचं कर्ज फिटेल, इथलं काम तिकडे मिळत नाही, आणि दोन वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे. हे सगळं तुम्हाला पटवतेय की स्वतःला, कोण जाणे.

आई, तुझं नेहमीचं: त्या काड्यांनी पोट भरतं का? भरतं गं. आता हात बसलाय. खालची काडी हलवायचीच नाही, अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकून राहते. हलते ती वरची, पेन्सिल धरतो तशी. बाबा, तुम्ही माझी बोटं मुठीत घेऊन गिरवायला लावायचात ना, ‘आवळू नकोस बाळ, ती पळून जात नाही’ म्हणत? इथंही तेच. आवळलं की घास निसटतो. भात आखूड दाण्याचा, चिकट, त्याचा गोळा सहज उचलला जातो. वाटी उचलून तोंडाशी नेली तरी चालतं. आजी असती तर धपाटाच होता. पण काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, मयताच्या भातात तशा खोचतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, दहनानंतर अस्थी तशा देतात. पानावरचे नियम तुझ्याइतकेच कडक आहेत. सुपात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, तो विचारूनच टाळते.

घरी मात्र हातानेच. तू दिलेली कडक भाकरी आमटीत चुरायची, तिथं काड्यांचं काय काम? खोलीत हीटर आहे, वर आपली चादर. थंडी वाजत नाही.

आता ऐका. पाण्याच्या दिवशी बादल्या उचलायच्या नाहीत, दोघांनीही. बाबा, साखर उपाशीपोटी तपासा, चहा घेऊन नव्हे. रिपोर्ट दादाला नको, मला पाठवा. तो लपवतो. फोन सातला करत जा, नऊला इथं साडेबारा होतात. जागी असतेच मी, पण तुमची झोप मोडते. आणि पासपोर्ट काढून घ्या. मार्चअखेर इथं चेरी फुलते, तेव्हा सोलापुरात तसंही अंगाची लाही होते. रागावला असाल तर इथं येऊन रागवा.

शेंगाची चटणी संपत आलीय. पण कुटत बसू नकोस, खांदा धरतो तुझा. बाजारातली पाठव. फरक कळेल मला, तरी खाईन.

तुमची,
छकू