चिंध्यांनाही थोडी जागा द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गॅदरिंगच्या केशभूषेवर अर्धं पान लेख होता. फोटो देखणे होते, त्याबद्दल वाद नाही. पण चौथी-पाचवीतल्या मुलींना बारीक, स्प्रिंगसारख्या बटा हव्या असतील तर विजेचा चिमटा 200 अंशांवर ठेवा, एकेक बट गुंडाळा आणि दहापर्यंत आकडे मोजा, हे वाचलं आणि माझा हातातला चहा हातातच गार झाला. उष्णता नको असणाऱ्यांसाठी लेखात शेवटी एकच ओळ: केस गुंडाळून ठेवायचा सॅटिनचा रॉड मागवा. त्या ओळीबद्दलही बोलायचंय, पण आधी 200 चं बघू.

मी इचलकरंजीत चाळीसेक वर्षं शिवणकाम करते. डिसेंबर लागला की ब्लाउज बाजूला आणि शाळांचे ड्रेस पुढे. परी, मावळा, कोळीण, भाजीवाली, सगळं शिवून झालंय. इस्त्री माझ्या हातात नवऱ्याच्याही आधी आली. तिच्या चकतीवर तीन ठिपके असतात ना, ते म्हणजे साधारण 200 अंश, आणि तो आकडा सुती कापडाचा. लोकरीला दोनच ठिपके, म्हणजे 150, आणि तेही वर ओलं फडकं टाकून. आता केस आणि लोकर एकाच गोत्रातले, दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे. माझी मुलगी हायस्कूलला विज्ञान शिकवते, तिच्याकडून खात्री करून घेतली. म्हणजे तुमच्या लेखिकाबाईंनी पोरींच्या डोक्यावर सुती कापडाची इस्त्री फिरवायला सांगितलीय. कापड जळलं तर मी गिऱ्हाइकाला पदरचं भरून देते. केसाचं काय भरून देणार?

लेखात चिमट्याचा इतिहासही होता. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने 1872 च्या सुमाराला तापलेल्या चिमट्याने केसांना लाटा पाडल्या वगैरे. पण त्या काळी चिमटा ज्योतीवर तापवला की आधी कागदावर टेकवून बघायचे. कागद करपला तर चिमटा निवेपर्यंत थांबायचे. आम्हीही नव्या कापडाच्या आधी कातरणीवर इस्त्री टेकवून बघतोच की. लेखात तेवढं मात्र राहून गेलं.

मला याचा इतका राग यायला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका मुलीला तिच्या आईने घाईत, केस अर्धवट ओले असतानाच चिमटा लावला. चर्र आवाज आला, वास सुटला. ओल्या केसात पाणी असतं, त्याची आतल्या आत वाफ होते आणि केसाच्या पोटात बुडबुडे धरतात. तिथेच तो पुढे तुटतो. पोरीच्या कानाच्या पाळीवर फोड आला तो वेगळाच. कार्यक्रमात ती छान नाचली, पण पाडव्याला बघितलं तर समोरचे केस बोटभर राहिले होते.

म्हणून गेल्या डिसेंबरात माझ्या नातीच्या वर्गाचा पावसाचा नाच ठरला, बारा मुली, निळे झगे माझ्याकडे शिवायला आले आणि नाच बसवणाऱ्या बाईंनी 'केस बारीक कुरळे हवेत, अगदी स्प्रिंगसारखे' असं सांगितलं, तेव्हा मी म्हटलं की नातीचं मी बघते. शाळेच्या त्या खोलीत मुळात प्लगच एक. बारा पोरी, एक प्लग आणि त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड, हे चित्रच मला सोसेना. पुढे नातीच्या चार मैत्रिणीही माझ्याच पदरात आल्या.

करायचं काय, तर चिंध्या बांधायच्या. यात जादू नाही. सुती कापडावर पाणी शिंपडून घडी घातली आणि तसंच वाळू दिलं तर घडी बसते, परत भिजलं की मोडते. केसाचं तसंच. ओला झाला की त्याच्या आतले काही बारीक बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. उष्णता फक्त घाई करते. रात्रभर वेळ असेल तर घाई कशाला? (पार्लरमधलं पर्मिंग निराळं. त्यात रसायनाने केसातले पक्के बंधच तोडून पुन्हा जोडतात, टेरिलिनच्या कायमच्या प्लेट्स असतात ना, तसं. त्या वाटेला लहान मुलींना नेऊ नये एवढंच सांगते.)

चिंधी सुती हवी आणि जुनी हवी. धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं किंवा मलमलचा दुपट्टा सगळ्यात बरा. नायलॉन, सॅटिन घसरतं आणि पाणी शोषत नाही. इंचभर रुंद, दीड वीत लांब पट्टी, कात्रीने कापण्यापेक्षा टरकावलेली चांगली, कारण ती आपोआप गोल वळते. पहिल्या वेळी मी शहाणपणा करून लाल पॉपलीनच्या कातरणी वापरल्या होत्या. त्यांचा रंग सुटला आणि नातीची मान दोन दिवस कुंकू सांडल्यासारखी दिसत होती. तेव्हापासून पांढऱ्याच.

आदल्या संध्याकाळी केस धुवायचे. आमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते आपण छापताच, तेव्हा पाण्याचा दिवस बघूनच ठरवावं लागलं. तेल अजिबात नाही. जाड दातांच्या कंगव्याने गुंता काढून केस पंख्याखाली वाळू द्यायचे, पण पूर्ण नाही. हाताला गार लागले पाहिजेत, पाणी मात्र गळता कामा नये. इथेच बहुतेक जणी चुकतात. ओलेगच्च केस बांधले की चिंधीच्या आत सकाळपर्यंत वाळतच नाहीत, आणि सोडले की दोरीसारखे सरळ खाली येतात. मग म्हणतात, आजीची पद्धत फसवी.

केस सुळसुळीत असतील तर थोडा चिकटपणा लागतो. त्यासाठी जवस. दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की लगेच, गरम असतानाच फडक्यातून गाळायचं. फोन आला म्हणून मी एकदा पातेलं तसंच ठेवलं. गार झाल्यावर ते गाळणं म्हणजे चिकाच्या गोळीशी झुंज. अर्धा तास पिळत बसले आणि शेवटी सगळं म्हशीला घातलं. फ्रिजमध्ये हा गर आठवडाभर टिकतो. एका बटेला नखाएवढा पुरतो, जास्त लावला तर केस कांजी केल्यासारखे कडक होतात.

आता गुंडाळणं. बारीक बट हवी असेल तर दोनच गोष्टींकडे बघायचं: मधला गाभा किती जाड आणि बट किती घेतली. चिंधीला पीळ देऊन ती पेन्सिलीपेक्षा बारीक करायची आणि केसांची बटही त्याहून जाड घ्यायची नाही. चिंधी मधोमध दुमडून दुमड मुळाशी धरायची. दोन शेपट्या खाली लोंबतील. त्यातल्या एकीभोवती केस वरून खाली, चपट्या फितीसारखे, एका वेढ्याखाली दुसरा वेढा असे गुंडाळत जायचं. वेढ्यावर वेढा चढवायचा नाही. टोकाला आलं की दुसरी शेपटी त्याच्यावरून उलट दिशेने गुंडाळत खाली आणायची आणि दोन्हींची गाठ मारायची. बऱ्याच जणी टोकाकडून वर गुंडाळत जातात. त्याने खाली घट्ट गोळा आणि वर नुसती लाट होते, कारण वरचे वेढे जाड गोळ्यावर बसतात. मुळापासून टोकापर्यंत सारखी पिळाची बट हवी तर उभंच गुंडाळायला पाहिजे. शेजारशेजारच्या बटा एक उजवीकडे, एक डावीकडे फिरवायच्या, नाहीतर सकाळी त्या एकमेकींत शिरून एकच जाड बट होते. कपाळाजवळ आणि कानाशी सैल बांधायचं. डोकं दुखतंय असं पोर म्हणाली तर ती लाड करत नाहीये, ओढ बसतेय.

नातीचे केस खांद्याच्या जरा खाली. तिला 34 चिंध्या लागल्या आणि मला पावणेदोन तास. हे मी लपवत नाही. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी पाच मुली होत्या, म्हणून दोन आयांना आधी शिकवलं आणि तिघी मिळून माझ्या शिवणाच्या खोलीत बसलो. मशीनवर पोरींचे डबे, खाली सतरंजीवर पोरी, टीव्हीचा आवाज मोठा. डोक्यावर पांढऱ्या गाठी घेऊन पाचही जणी एका रांगेत बसल्या तेव्हा शेजारचे काका दारात येऊन म्हणाले, 'काय, नवसाच्या झाडाला फडकी बांधलीत का?'

झोपताना वरून सुती ओढणी. पाठीमागच्या गाठी मानेच्या वरच्या खळगीत येतील अशा बांधल्या तर टोचत नाहीत. सकाळी घाई नाही. गुंडाळलेली बट पंजाच्या पाठीने बघायची, गार लागली तर आत ओल आहे, थांबायचं. सोडताना गुंडाळली त्याच्या उलट फिरवत सोडायची, ओढायची नाही. सोडल्या सोडल्या ती कुरडईसारखी आखूड, विचित्र दिसते आणि मुली रडवेल्या होतात. नात म्हणाली, 'आजी, मी मेंढी दिसतेय.' दहा मिनिटं धीर धरायचा. मग हाताला खोबरेलाचे दोन थेंब चोळून बोटांनी एकेक बट दोन-तीन भागात सोडवायची. कंगवा लावला की रात्रभराची मेहनत एका मिनिटात पिसारा होते.

नाच संध्याकाळी पाचला होता आणि बटा रात्रीच्या जेवणापर्यंत टिकल्या. दुसऱ्या दिवशीही पुष्कळशा होत्या. पण यात आमच्याकडच्या डिसेंबरच्या कोरड्या हवेचा वाटा मोठा. हाच प्रयोग माझ्या नणंदेने मालवणात श्रावणात केला. दुपारी बारापर्यंत सगळं सरळ! दमट हवेतलं पाणी केसात शिरतं आणि घडी मोडते. तेव्हा कोकणातल्या आणि मुंबईच्या वाचकांनी पावसाळ्यात माझ्या नावाने बोटं मोडू नयेत, चिमट्याच्या बटाही त्या हवेत टिकत नाहीत. ज्यांचे केस मुळात कुरळे आहेत त्यांनी तर यातलं काहीच करू नये, ओल्या केसाला जवसाचा गर लावून बोटाभोवती गुंडाळून सोडलं तरी पुरतं.

राहिला तो सॅटिनचा रॉड. वाईट नाही, पण तो अंगठ्यापेक्षा जाड असतो. त्याने मोठ्या लाटा पडतात, लग्नातल्या करवलीला शोभतात. स्प्रिंगसारखी बट त्याच्यातून जन्मात निघणार नाही. लेखात वर एक मागायचं आणि खाली दुसरंच सुचवायचं, हे मापं ब्लाउजची घेऊन झबलं शिवल्यासारखं झालं.

आणखी एक. माझी आई आम्हा बहिणींच्या बटा चिंध्यांवर नाही, कागदाच्या सुरळ्यांवर करायची. कागद रोजच्या पेपरचा. त्याची शाई ओल्या केसाला लागायची आणि सकाळी कपाळावर उलटी अक्षरं उमटलेली असायची. माझ्या धाकटीच्या कपाळावर एकदा बाजारभाव आला होता. तेव्हा पेपरवाल्यांचा आणि कुरळ्या बटांचा संबंध जुना आहे, आम्हाला अर्धं नाही तर पाव पान तरी द्यायला हरकत नसावी.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचं झालं तर आईची आणि शेजारच्या काकांची गोष्ट कापा. जवस गरम असतानाच गाळायचं, हे वाक्य मात्र राहू द्या.

आपली नियमित वाचक,
शिवणकाम करणारी एक आजी, इचलकरंजी
(नाव छापू नये. गॅदरिंगच्या मोसमात आधीच उसंत नसते.)