पन्नाशीतली शाळा

कनॅपोलिस, उत्तर कॅरोलायना, अमेरिका

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. रविवारी फोनवर तू विचारलंस, तिकडे मिल बंद पडली तर सरकार कामगाराला काय देतं? आपल्या गल्लीतले आणखी दोन कारखाने बंद झाल्याचं सांगत होतास, तेवढ्यात फोन कट झाला. म्हणून सविस्तर लिहितेय. अण्णांनाही वाचून दाखव.

माझी प्रयोगशाळा आहे त्या जागेवर पूर्वी टॉवेल-चादरींची मिल होती. हे गावच मिलनं वसवलेलं. १९८४पर्यंत इथे नगरपालिकासुद्धा नव्हती. बाहेरून स्वस्त माल येत गेला, कंपनीवर कर्ज चढत गेलं आणि ३० जुलै २००३ला पिलोटेक्सनं, म्हणजे मिल चालवणाऱ्या कंपनीनं, काम थांबवलं. एकट्या या राज्यात सुमारे ४,८०० माणसं घरी बसली. पुढे मिल पाडली, धुराडी पाडली. आपल्याकडची धुराडी आठवली ना?

माझ्या शेजारच्या बाई त्यातल्याच. शाळा अर्धवट टाकून मिलमध्ये गेल्या आणि ३२ वर्षं टॉवेलांचे काठ शिवले. नोकरी गेली तेव्हा पन्नाशी उलटलेली. त्यांच्याकडून मी सगळं नीट समजून घेतलं.

परदेशी मालामुळे किंवा कारखाना परदेशी गेल्यामुळे ज्यांचं काम सुटतं त्यांच्यासाठी इथे वेगळी योजना होती. मुळात १९६२ची, केनेडींच्या काळातली. पहिली ६-७ वर्षं अटी इतक्या कडक की एकाही कामगाराला लाभ मिळाला नाही. १९७४च्या कायद्यानं त्या सैल केल्या. मला सगळ्यात आवडलं ते हे, की अर्ज मालकानंच करायला हवा असं नव्हतं. तीन कामगारांनी सह्या केल्या तरी श्रम खात्याला चौकशी करावी लागे. काम सुटण्याचं कारण खरं ठरलं की सगळ्यांना हक्क. दादा, तीन सह्या! अण्णा आणि गिरणीतल्या त्यांच्या खात्यातले दोघं एवढ्यावर भागलं असतं.

मग बेकारी भत्ता, आणि तो संपल्यावर शिकत असाल तर पुढचा भत्ता. ज्यांना आधी शालेय शिक्षण पुरं करायचं होतं त्यांना सगळा मिळून १३० आठवड्यांपर्यंत. फी सरकारची. ज्यांना शिकायचं नव्हतं आणि वय ५०च्या पुढे होतं, त्यांना नवी नोकरी लवकर मिळाली पण पगार कमी पडला, तर फरकाची निम्मी रक्कम, २ वर्षांत फार तर १०,००० डॉलर.

बाई शाळेत गेल्या. नातवाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून अपूर्णांक शिकल्या. त्यांची ती वही अजून आहे, मला दाखवली. पहिल्या पानांवर खोडून खोडून कागद फाटलाय, पुढे अक्षर सरळ होत जातं. आधी शाळेची परीक्षा, मग दवाखान्यातल्या नोंदी ठेवायचा कोर्स. नोकरी लागली, पण पगार मिलपेक्षा कमीच. आरोग्य विम्याच्या हप्त्यातला ६५ टक्के भार सरकार उचलत होतं, पण नोकरी नसताना उरलेले ३५ टक्के तरी कुठून आणायचे? त्यांच्या कितीतरी मैत्रिणींनी विमा सोडूनच दिला. मुदती चुकल्या म्हणून काहींची शाळाही हुकली.

आपल्याकडेही १९८६पासून बंद कापड गिरणीच्या कामगारांसाठी योजना होती: पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. अण्णांनी त्यासाठी किती हेलपाटे घातले ते तू पाहिलंयस. पैसे हाती आले तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं. आणि शिकवायचं तर कुणाच्या मनातही आलं नाही. अण्णांचं वय तेव्हा ४४. ते म्हणत राहिले, माझे हात आता कशाच्याच कामाचे नाहीत. त्यांना बाईंची वही दाखवावीशी वाटते.

आता इथलीही योजना थांबली आहे. १ जुलै २०२२पासून श्रम खात्याला नवे अर्ज मंजूर करता येत नाहीत, कारण संसदेनं मुदत वाढवली नाही. बाईंच्या भाच्याचा कारखाना गेल्या वर्षी मेक्सिकोला गेला. त्याला या राज्यातला १२ आठवड्यांचा बेकारी भत्ता, बस्स. बाई सांगताना चिडल्या होत्या. मलाही राग येतो. सह्या करायला तीन माणसं आजही आहेत, पण त्या अर्जावर आता कुणी निर्णयच देऊ शकत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांना तू पाठवलेला टॉवेल दिला. देताना संकोच वाटला, खरं सांगते. त्यांनी तो उलटा केला, काठाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, कोपऱ्यापाशी थांबल्या. मग विचारलं, हे कुणी शिवलं? मी म्हटलं, आमच्या वहिनीनं. म्हणाल्या, तिला सांग, कोपरा छान दुमडलाय, पण दोरा जरा जाड घे, धुऊन धुऊन आधी तिथेच उसवतो.

वहिनीला निरोप दे. अण्णांच्या खोकल्याचं काय झालं ते कळव.

तुझी धाकटी